मोठ्या झालेल्या कुत्र्याला दरवर्षी सगळ्याच लसी? नाही जी

आपल्या नागपुरात धरमपेठ असो की मानेवाडा, कुत्रं पाळणारे सांगतात की वर्ष झालं की सगळ्या लसी परत द्या, नाहीतर आधीच्या वाया जातात. असं नाहीये. डिस्टेंपर, पार्वो आणि अॅडिनोव्हायरस या तीन विषाणूजन्य रोगांच्या लसी पिल्लू 16 आठवड्यांचं होईपर्यंत नीट दिल्या आणि वर्षाच्या आत एक बूस्टर झाला की संरक्षण 3 वर्षं तरी टिकतं, बऱ्याच कुत्र्यांत त्याहून कितीतरी जास्त, म्हणून पशुवैद्यकांची जागतिक संघटना डब्ल्यूएसएव्हीए सांगते की या तिन्ही 3 वर्षांच्या आत परत देऊ नका. शंका असेल तर रक्तातल्या अँटीबॉडी तपासता येतात.

पण म्हणून दवाखानाच बंद करू नका हो! लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या रोगाची, लस वर्षभरच पुरते, आणि तो जंतू उंदराच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात येतो. सप्टेंबर 2023 मध्ये अंबाझरी तलावाचं पाणी घराघरात शिरलं होतं ते आठवा, अशा शहरात लेप्टो दरवर्षी हवीच, आणि हा रोग माणसालाही होतो.

रेबीजमध्ये तर अजिबात हयगय नको. लसीच्या लेबलवर 1 वर्ष की 3 वर्षं ते बघा, डॉक्टर म्हणतील तसं द्या, आणि तुमच्या कुत्र्याला रस्त्यावरचं कुत्रं चावलं तर लस झालेली असली तरी त्याला लगेच दवाखान्यात न्या.

अडचण अशी की इथे बहुतेक ठिकाणी सगळं एकत्रच टोचतात, म्हणून आधीच विचारा, लेप्टो वेगळी मिळेल का.