प्रतिपिंड राहतं, आजार मागे हटतो

रक्ताच्या रिपोर्टवर ‘एससीएल-७० पॉझिटिव्ह’ असं छापून आलं की संधिवाताचे डॉक्टर लगेच फुप्फुसांचा सीटी स्कॅन करायला सांगतात. हात दाखवायला आलेल्या पेशंटला प्रश्न पडतो, की हाताचा आणि फुप्फुसांचा काय संबंध?

आजाराचं नाव सिस्टिमिक स्क्लेरोसिस, बोलताना स्क्लेरोडर्मा. गारठ्यात बोटं पांढरीफटक पडतात, मग निळी होतात. पुढे कातडी ताठ होते, मूठ वळत नाही, तोंड पूर्ण उघडत नाही. तंतुमय ऊतक तयार करणाऱ्या पेशी कोलॅजन बनवायचं थांबतच नाहीत, आणि हेच आत फुप्फुसांत, हृदयात, आतड्यांतही घडत असतं.

अशा बहुतेक पेशंटच्या रक्तात स्वतःच्याच प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) सापडतात. ‘एससीएल-७०’ हे त्यांपैकी एक. डीएनएला पडलेला पीळ सैल करणारं टोपोआयसोमरेज-१ नावाचं विकर (एन्झाइम) त्याचं लक्ष्य असतं. हे प्रतिपिंड असेल तर फुप्फुसं घट्ट होण्याचा धोका जास्त. सेंट्रोमिअर, म्हणजे गुणसूत्राच्या दोन जुळ्या प्रती जिथे जोडलेल्या असतात त्या भागाविरुद्धचं असेल तर आजार सहसा सावकाश सरकतो, पण काही वर्षांनी फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढू शकतो. आरएनए बनवणाऱ्या आरएनए पॉलिमरेज-३ या विकराविरुद्धचं असेल तर मूत्रपिंडावर अचानक संकट येऊ शकतं, म्हणून रक्तदाब सतत मोजत राहावा लागतो. या तिसऱ्या गटातल्या काही पेशंटना स्क्लेरोडर्माच्या आगेमागेच कर्करोगही झालेला आढळतो. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी अशा ८ जणांच्या गाठी तपासल्या, तेव्हा ६ जणांच्या गाठींत नेमक्या त्याच प्रथिनाच्या जनुकात बिघाड निघाला. म्हणजे प्रतिकारशक्ती आधी कर्करोगाशी लढायला उठली असावी आणि त्या लढाईत स्वतःच्याच शरीरावर उलटली असावी. या आजाराबद्दल मी वाचलेलं सगळ्यात थक्क करणारं संशोधन हेच.

एक कोडं मात्र उरतं. ही तिन्ही लक्ष्यं पेशीच्या केंद्रकात आहेत, आणि प्रतिपिंडं फिरतात पेशीबाहेर. मग ती गुन्हेगार, की नुसती साक्षीदार?

याचं थोडं उत्तर मूळपेशी (स्टेम सेल) प्रत्यारोपणातून मिळतं. प्रत्यारोपण हा शब्द इथे जरा फसवा आहे, कारण दाता कुणी दुसरा नसतो. पेशंटच्याच रक्तातून मूळपेशी काढून गोठवून ठेवतात. मग जबर मात्रेच्या औषधांनी बिघडलेली प्रतिकारव्यवस्था जवळजवळ पुसून टाकतात. खरा उपचार हाच. साठवलेल्या पेशी परत देतात त्या रक्त पुन्हा लवकर तयार व्हावं म्हणून.

किंमत मोठी आहे. युरोपातल्या ‘ॲस्टिस’ चाचणीत १५६ पेशंट होते. त्यांपैकी प्रत्यारोपणासाठी निवडलेल्या ७९ जणांपैकी ८ जण पहिल्याच वर्षात उपचारामुळे दगावले. तरीही पुढच्या वर्षांत पारडं फिरलं आणि सायक्लोफॉस्फमाइड हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध घेतलेल्या गटापेक्षा प्रत्यारोपणाच्या गटात जास्त लोक जगले. अमेरिकेतल्या ‘स्कॉट’ चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. त्यात सहा वर्षांनी प्रत्यारोपण झालेल्यांपैकी ८६ टक्के हयात होते, तर सायक्लोफॉस्फमाइड घेतलेल्यांपैकी ५१ टक्के. पण सुरुवातीचा धोका मोठा असल्याने हा उपाय सरसकट सगळ्यांसाठी नाही. आजार वेगाने पसरतोय, पण हृदय अजून तग धरून आहे, अशाच पेशंटचा विचार होतो. हृदयाची तपासणी इथे कसून व्हायलाच हवी, कारण खुद्द औषधांचाच ताण हृदयावर येतो.

आणि प्रतिपिंडांचं काय होतं? पातळी उतरते, पण बऱ्याच जणांत ती पुरती जात नाहीत. अस्थिमज्जेत दडलेल्या दीर्घायुषी प्लाझ्मा पेशी इतक्या माऱ्यातूनही वाचतात आणि प्रतिपिंडं बनवत राहतात. दरम्यान छातीतल्या थायमस ग्रंथीतून कोऱ्या टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) तयार होऊन येतात, आवर घालणाऱ्या टी-पेशी वाढतात, आणि कातडी सैल पडू लागते. प्रतिपिंड तेच असूनही माणूस सुधारतो, याचा अर्थ नुसतं ते रक्तात असल्याने आजार पेटता राहत नाही. मला तरी ते साक्षीदाराच्या बाजूला झुकलेलं वाटतं. निदान एकटा गुन्हेगार तरी ते नाही.

त्यामुळे प्रत्यारोपणानंतर रिपोर्टवर पुन्हा ‘पॉझिटिव्ह’ दिसलं म्हणून उपचार फसला असं समजून खचू नये. सुधारणा झाली का हे ठरवायला डॉक्टर फुप्फुसांची क्षमता मोजतात, आणि शरीरावर १७ ठिकाणी कातडी चिमटीत धरून ती किती उचलली जाते ते पाहतात.