जुनी लष्करी रायफल घ्यायचीय? अमेरिकेतलं सी अँड आर लायसन्स कोणाला मिळतं, काय लागतं, अर्ज कसा करायचा

माझे आजोबा खडकीच्या अम्युनिशन फॅक्टरीत होते. काही वर्षांपूर्वी इथे ओहायोत एका गन शोला गेलो होतो, तिथे एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या टेबलावर जुन्या काडतुसांचा डबा होता, त्यातलं एक सहज उचलून उलटं केलं तर पितळेच्या बुडावर के आणि एफ अशी अक्षरं, खाली वर्षाचे दोन आकडे. के एफ म्हणजे किरकी फॅक्टरी, म्हणजे आपली खडकी. मी तिथेच थांबलो. शेजारीच इशापूरची रायफल ठेवली होती, बोल्टच्या मागे लोखंडावर आर.एफ.आय. (रायफल फॅक्टरी इशापूर) आणि १९६६ असं ठोकलेलं. घेता येईल का विचारलं तर ते म्हणाले, तुझ्याकडे सी अँड आर आहे का? सी अँड आर म्हणजे जुनी शस्त्रं जमवणाऱ्याचं फेडरल लायसन्स, पण मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. आता मंडळातले लोक मलाच विचारतात, आणि प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढतोय.

सगळ्यात आधी व्हिसा. फॉर्म, फी वगैरे नंतर बघू, कारण आपल्या लोकांचं गाडं इथेच अडतं आणि नेमकं हेच कोणी सांगत नाही. एच-वन, एल-वन, एफ-वन (ओपीटी धरून), एच-फोर, बी-टू, असा कुठलाही नॉन-इमिग्रंट (कायम राहण्यासाठी नसलेला) व्हिसा असेल तर फेडरल कायद्याने बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगायलाच मनाई आहे. विकत घ्यायला नाही, जवळ बाळगायलाच. ग्रीन कार्ड असेल किंवा सिटिझन असाल तर हा अडथळा नाही. एच-फोरवर ईएडी (काम करायचा परवाना) आलं, नोकरी लागली, तरी व्हिसा नॉन-इमिग्रंटच राहतो, त्यामुळे त्यात फरक पडत नाही.

कायद्यात एक अपवाद आहे, अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स तुमच्याकडे असेल तर ही मनाई लागू होत नाही. बरेच जण हा मार्ग सुचवतात आणि तो कायदेशीरच आहे, पण माझं स्पष्ट मत असं की ग्रीन कार्डच्या रांगेत दहा-दहा वर्षं काढलेल्या माणसाने आपल्या इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय त्याच्या भरवशावर राहू नये, हंटिंग लायसन्सची मुदत संपली की दुसऱ्या दिवशी तुम्ही गुन्ह्यात येता. रायफल काय, पाच वर्षांनीही मिळेल.

आणि नेमबाजीच्या रेंजवर भाड्याने बंदूक घेऊन उडवणं हेसुद्धा जवळ बाळगण्यातच धरलं जातं. रेहाईफची केस वाचा, यूएईहून स्टुडंट व्हिसावर फ्लोरिडात आलेला मुलगा, युनिव्हर्सिटीने काढून टाकलं त्यामुळे स्टेटस गेलं, नंतर तो एका रेंजवर जाऊन नेमबाजी करून आला आणि त्यावरून त्याच्यावर फेडरल खटला झाला. सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये निकाल दिला की आपलं स्टेटस गेलंय, म्हणजे ज्यांना मनाई आहे त्या गटात आपण मोडतो, हे त्या माणसाला माहीत होतं असं सरकारने सिद्ध करायला हवं, पण हे ऐकायला सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं. म्हणून पुण्याहून आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेत, चला बाबांना रेंजवर नेऊ, दोन गोळ्या उडवू देत, असं कृपा करून करू नका. ते बी-टूवर आलेत. त्यांच्या हातात रायफल दिली तर त्यांच्याबरोबर तुम्हीपण अडचणीत येऊ शकता. नवरा ग्रीन कार्डवर आणि बायको अजून व्हिसावर असं घर असेल तर सेफला कुलूप हवंच आणि किल्ली किंवा कोड फक्त ज्याला परवानगी आहे त्याच्याकडे, यातही वकिलाचा एक सल्ला घेतलेला बरा.

बाकीच्या अटी. वय २१ पूर्ण हवं. एक वर्षापेक्षा जास्त शिक्षा होऊ शकते अशा गुन्ह्यात दोषी ठरलेले नसावे, घरगुती हिंसाचाराचा गुन्हा नसावा (मिसडिमीनर, म्हणजे किरकोळ गुन्हा असला तरी चालत नाही), कोर्टाचा रिस्ट्रेनिंग ऑर्डर नसावा. गांजाबद्दलही फॉर्मवर सरळ विचारतात, आणि तुमच्या राज्यात कायदेशीर असला तरी फेडरल फॉर्मवर ते उत्तर चालत नाही. खोटं लिहिणं हा वेगळा गुन्हा आहे.

आता हे लायसन्स आहे तरी काय. एटीएफ, म्हणजे दारू-तंबाखू-शस्त्रं बघणारं फेडरल खातं, ते शस्त्रांची वेगवेगळी लायसन्सं देतं, त्यातलं टाईप ०३ म्हणजे कलेक्टर ऑफ क्युरिओज अँड रेलिक्स, थोडक्यात जुन्या शस्त्रांचा संग्राहक. याचा फायदा एकच पण मोठा, दुसऱ्या राज्यातल्या माणसाकडून किंवा डीलरकडून जुनी रायफल थेट तुमच्या घरी मागवता येते, मधे लोकल डीलर लागत नाही, ४४७३ फॉर्म (डीलरकडून बंदूक घेताना भरायचा) आणि प्रत्येक वेळी बॅकग्राऊंड चेक लागत नाही. पण हे फक्त सी अँड आर मध्ये बसणाऱ्या शस्त्रांपुरतं. नवीन रायफल किंवा पिस्तूल घ्यायला गेलात तर तुम्ही इतरांसारखेच साधे गिऱ्हाईक.

सी अँड आर मध्ये काय बसतं? मुख्य नियम ५० वर्षांचा. बनून ५० वर्षं झाली आणि नक्कल नाही, मूळ स्वरूपात आहे, तर बसते. ही तारीख दरवर्षी पुढे सरकते, म्हणजे १९६६ ची ती इशापूर २०१६ मध्ये आपोआप यादीत आली. मोसिन-नगांत, माऊझर, स्विस के-३१, ली-एनफिल्ड हे सगळे नेहमीचे. स्टॉक कापून, नवीन दुर्बीण बसवायला भोकं पाडून शिकारी रायफल केलेली असेल तर ती मूळ स्वरूपात नाही, ती सी अँड आर वर मागवायच्या भानगडीत पडू नका. आणि १८९८ किंवा त्याआधी बनलेली असेल तर फेडरल कायद्यात ती अँटिक, तिला हे लायसन्स लागतच नाही.

इशापूरबद्दल दोन वाक्यं लिहितोच, कारण हा विषय मला जवळचा आहे. आपण ज्याला थ्री नॉट थ्री म्हणतो, २६/११ ला सीएसटीवर आपल्या पोलिसांच्या हातात जी होती, ती ली-एनफिल्ड कोलकात्याजवळच्या इशापूर फॅक्टरीत कित्येक दशकं बनली. १९६२ च्या युद्धानंतर त्याच रायफलची ७.६२ नाटो काडतुसाची आवृत्ती काढली, ती टू-ए आणि मग टू-ए-वन. यातल्या भरपूर अमेरिकेत सरप्लस, म्हणजे लष्कराचा जादा माल म्हणून आल्या. भारतात .३०३ प्रोहिबिटेड बोअर, साध्या लायसन्सवर मिळत नाही, आणि इथे मात्र तीच रायफल कपाटात ठेवता येते. ती परत भारतात नेता येईल असं मात्र मनात धरू नका.

अर्ज. फॉर्मचं नाव ७/७सीआर, एटीएफच्या साईटवरून फुकट डाऊनलोड होतो. हाच फॉर्म दुकानदारांसाठीही आहे त्यामुळे पहिल्यांदा बघितला की घाबरायला होतं, धंद्याचे तास, दुकानाची जागा, भागीदार, काय काय विचारलंय. सूचना नीट वाचा, कलेक्टरने कुठले रकाने सोडायचे ते त्यात लिहिलंय. लायसन्सच्या प्रकारात ०३ वर खूण करा. फी ३० डॉलर, तीन वर्षांसाठी, चेक, मनी ऑर्डर किंवा फॉर्मवरच क्रेडिट कार्डचा नंबर. टाईप ०३ ला फोटो आणि बोटांचे ठसे लागत नाहीत, ते बाकीच्या प्रकारांना लागतात, त्यामुळे उगाच ठसे काढायला पैसे घालवू नका. ग्रीन कार्डवाल्यांनी नागरिकत्वाच्या रकान्यात इंडिया लिहायचं आणि कार्डावरचा ए-नंबर टाकायचा. नाव पासपोर्ट, ग्रीन कार्ड आणि ड्रायव्हिंग लायसन्स तिन्हीकडे एकसारखं आहे ना बघा, आपल्याकडे वडिलांचं नाव मधे असतं, कुठे असतं कुठे नसतं, कुठे पूर्ण तर कुठे नुसतं आद्याक्षर, आणि तिथेच पत्रव्यवहार वाढतो. माझा पहिला अर्ज परत आला तो सही राहिली म्हणून, एका पानावर केली होती आणि दुसऱ्यावर विसरलो होतो.

फॉर्मची एक प्रत तुमच्या भागातल्या मुख्य पोलीस अधिकाऱ्याला पाठवायची, शहरात राहत असाल तर पोलीस चीफ, नाहीतर काऊंटीचा शेरिफ. ही परवानगी नाही, फक्त कळवणं आहे, त्यांच्या उत्तराची वाट बघायची नाही. मूळ फॉर्म फीसकट फॉर्मवर छापलेल्या पत्त्यावर पोस्टाने. नीट भरलेल्या अर्जावर ६० दिवसांत निर्णय द्यावा असं कायद्यात आहे. माझ्या घरी कोणी चौकशीला आलं नाही, एक दिवस पोस्टात साधं पाकीट आलं, नंबरात मधे ०३. आल्यावर त्यावर शाईने सही करा आणि सही केलेल्या प्रती काढून ठेवा, विकणारा तीच प्रत मागतो आणि एटीएफच्या साईटवर नंबर तपासून घेतो.

राज्याचे नियम वेगळे आणि ते यावर चढतात. इलिनॉयमध्ये फॉईड कार्ड (बंदूक बाळगणाऱ्याचं राज्याचं ओळखपत्र) आधी हवं, न्यू जर्सीत राज्याचं बंदुकीचं आयडी कार्ड, मॅसॅच्युसेट्समध्ये राज्याचं लायसन्स, न्यूयॉर्क सिटीत रायफलसाठीसुद्धा परमिट, कॅलिफोर्नियात सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटीचं वेगळं प्रकरण. न्यू जर्सीतल्या एडिसन किंवा कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टमधल्या मित्राला ओहायोतल्या माझ्या अनुभवावरून पुढे जाता येणार नाही, आपापल्या राज्याची साईट बघायची.

आणि आता वही. लायसन्स मिळणं सोपं आहे, सांभाळायची आहे ती वही, आणि लोक इथेच ढिले पडतात. लायसन्स मिळाल्यानंतर घेतलेलं प्रत्येक सी अँड आर शस्त्र एका बांधीव वहीत नोंदवायचं, सुट्या कागदांवर नाही, आणि घेतल्याच्या पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत नोंद व्हायला हवी. माझ्या वहीतली पहिली ओळ अशी आहे: आल्याची तारीख, ज्याच्याकडून आली त्याचं नाव आणि लायसन्स नंबर (लायसन्स नसेल तर पत्ता), बनवणारा इशापूर, मग इम्पोर्टरचं नाव, ते नळीवर बारीक अक्षरात कोरलेलं असतं, भिंग घेऊन वाचावं लागलं, मॉडेल टू-ए-वन, सिरियल नंबर, प्रकार रायफल, कॅलिबर ७.६२. उजवीकडचं पान रिकामं, ते विकल्यावर भरायचं. विकलं तर सात दिवसांत नोंद, आणि घेणाऱ्याकडे लायसन्स नसेल तर त्याची जन्मतारीख आणि ड्रायव्हिंग लायसन्सचा नंबरही. सिरियल नंबर लिहिताना घाई करू नका, जुन्या ठोक्यात ३ आणि ८ सारखेच दिसतात, दिवसाच्या उजेडात वाचा आणि फोटो काढून ठेवा.

एटीएफ १२ महिन्यांतून एकदा ही वही आणि संग्रह तपासू शकतं, घरी नको असेल तर त्यांच्या जवळच्या ऑफिसात दाखवायचा पर्याय तुम्हाला आहे. शस्त्र चोरीला गेलं किंवा सापडत नसेल तर कळल्यापासून ४८ तासांत एटीएफला आणि स्थानिक पोलिसांना, दोघांना कळवायचं. घर बदलणार असाल तर किमान ३० दिवस आधी पत्ताबदलाचा अर्ज. या लायसन्सवर धंदा करायचा नाही, संग्रहातली एखादी रायफल विकून दुसरी घेणं ठीक, नफ्यासाठी घे-वीक करायला लागलात तर ते डीलरचं काम आणि त्याचं लायसन्स वेगळं.

सीएमपीबद्दल बरेच जण विचारतात, सरकारच्या जुन्या रायफली विकणारी संस्था, अलाबामात अ‍ॅनिस्टनला आणि ओहायोत कॅम्प पेरीला त्यांची केंद्रं आहेत. तिथे सिटिझन असणं ही अट आहे, ग्रीन कार्डवाल्यांनी थांबायचं. सिटिझन झालात की त्यांच्याशी जोडलेल्या क्लबची मेंबरशिप आणि नेमबाजी केल्याचा पुरावा लागतो.

रायफल घरी आली की लगेच उडवायला जाऊ नका. बोल्टवरचा नंबर आणि रायफलीवरचा नंबर जुळतो का बघा, जुळत नसेल तर हेडस्पेस बिघडलेली असू शकते, म्हणजे काडतूस चेंबरमध्ये सैल बसतं आणि फुटू शकतं. जुळत असला तरी एकदा गनस्मिथकडून गेजने तपासून घ्या, हा खर्च वाचवू नका. ग्रीसमध्ये बुडवून ठेवलेली आली असेल तर नळी आणि चेंबर आतून पूर्ण कोरडी होईपर्यंत साफ करायची, चेंबरमधला जुना ग्रीसचा थर काडतूस अडकवतो.

गोळ्या शक्यतो नवीन घ्या, .३०३ मध्ये सर्बियाच्या प्रवी पार्टिझानच्या मिळतात. जुना लष्करी माल, खडकीचासुद्धा, बहुतेक वेळा कोरोझिव्ह (गंज आणणाऱ्या) प्रायमरचा असतो, उडवल्यावर नळीत मीठ राहतं आणि ते हवेतलं पाणी ओढतं, आपल्याकडच्या पावसाळ्यासारखी दमट हवा असेल तर दुसऱ्या दिवशी गंज दिसतो. नुसत्या तेलाने हे मीठ जात नाही. घरी आल्या आल्या चेंबरच्या बाजूने नळीतून किटलीभर उकळतं पाणी ओतायचं, नळी गरम झाल्यामुळे पाणी आपोआप वाळतं, मग कोरडा पॅच (कापडाचा तुकडा), मग तेलाचा पॅच, बोल्टचं तोंडही विसरायचं नाही. खडकीच्या जुन्या काडतुसांचा आणखी एक दोष म्हणजे घोडा ओढल्यावर ती कधीकधी क्षणभर थांबून उडतात, म्हणून टक असा आवाज आला आणि बार निघाला नाही तर रायफल टार्गेटकडेच धरून किमान अर्धा मिनिट थांबायचं आणि मगच बोल्ट उघडायचा. गन शोमधलं ते के एफचं काडतूस मी घेतलं होतं, ते मी उडवलेलं नाही, आजोबांच्या फोटोशेजारी ठेवायचं होतं पण घरात मुलं आहेत, त्यामुळे तेही सेफमध्येच आहे.