पोलीस पाटील भरती: कोकणातले अर्ज नेमके कुठे अडतात

कोकणात एकेका पोलीस ठाण्याच्या हद्दीत डोंगर, खाड्या आणि विखुरलेल्या वाड्यांची कितीतरी गावे येतात आणि ठाण्यातले मनुष्यबळ त्या मानाने तोकडेच असते. किनाऱ्यावर अनोळखी मृतदेह लागला किंवा बांधावरून कोयते निघाले, तर ठाण्याला पहिली खबर देण्याचे काम महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, 1967 नुसार पोलीस पाटलाचे. तरीही अनेक गावांत हे पद रिक्त राहते आणि शेजारच्या गावच्या पाटलाकडे अतिरिक्त कार्यभार जातो. जाहिरात निघते, अर्जही येतात, आणि छाननीत गळतात.

मूळ पात्रता सोपी आहे: दहावी उत्तीर्ण, वय 25 ते 45 आणि त्याच गावचा स्थानिक रहिवास. मागासवर्गीयांनाही वयात सवलत नाही. नेमणूक उपविभागीय दंडाधिकारी करतात, त्यामुळे दापोली, चिपळूण, राजापूर, सावंतवाडी अशा प्रत्येक उपविभागाची जाहिरात वेगळी आणि तारखाही वेगळ्या. मोबाईलवर फिरत आलेली शेजारच्या उपविभागाची जाहिरात आपलीच समजून शेवटचा दिवस हुकवणारे दरवेळी भेटतात. म्हणून जाहिरातीच्या डोक्यावरचे कार्यालयाचे नाव आधी वाचावे.

सर्वांत जास्त अर्ज अडतात ते रहिवासाच्या दाखल्यावर. घर गावात, घरपट्टी आजोबांच्या नावावर, सातबाऱ्यावर वडिलांसह डझनभर सहहिस्सेदार. पण स्वतःचे रेशनकार्ड डोंबिवलीचे आणि मतदार यादीतले नावही तिकडचेच. अशा उमेदवाराला गणपती-शिमग्याला न चुकता गावी येण्याचा कागदावर काहीही उपयोग होत नाही. जे खरोखर कायमचे गावी परतले आहेत त्यांनी मतदार यादीतले नाव, रेशनकार्ड आणि आधारवरचा पत्ता जाहिरात निघण्याच्या पुष्कळ आधी गावचा करून घ्यावा, कारण अर्जाच्या मुदतीत हे तिन्ही होत नाही.

दुसरी अडचण त्याहून बारीक आहे आणि तिच्यात अस्सल गावकरीही सापडतात. पद महसुली गावासाठी, म्हणजे महसूल दप्तरात स्वतंत्र नोंद असलेल्या गावासाठी असते, ग्रामपंचायतीसाठी नव्हे. ग्रुप ग्रामपंचायतीत दोन-तीन महसुली गावे असतात आणि ग्रामपंचायतीचा छापील दाखला पुष्कळदा फक्त पंचायतीचे नाव घालून "येथील कायम रहिवासी" एवढेच म्हणतो. पऱ्ह्यापलीकडची (ओढ्यापलीकडची) वाडी दुसऱ्या महसुली गावात मोडत असेल, तर असा दाखला छाननीत टिकत नाही. तलाठ्याकडून, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडून, वाडी आणि महसुली गाव दोन्ही स्पष्ट लिहिलेला दाखला घ्यावा आणि तो कार्यालयाबाहेर पडण्यापूर्वी तिथेच वाचून पाहावा.

आरक्षित पदासाठी जातीचा दाखला लागतो. इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरातली नोंद काढायला वेळ जातो, तेव्हा हे काम जाहिरातीची वाट पाहत ठेवू नये. नॉन क्रीमिलेअर दाखला अर्जाच्या अंतिम दिनांकास वैध असला पाहिजे. सेतूची पावती जोडून "दाखला नंतर देतो" हे चालत नाही. महिलांसाठी राखीव पदावर आणखी एक पेच येतो, कारण जातीचा दाखला माहेरच्या नावाचा आणि रहिवास सासरच्या नावाचा असतो. दोन्ही नावे एकाच स्त्रीची आहेत हे दाखवणारे विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्र नसेल, तर पात्र उमेदवारही बाजूला पडते.

काही गावे अशा प्रवर्गासाठी राखीव निघतात की त्या प्रवर्गाचे एकही कुटुंब तिथे नांदत नाही. मग अर्ज येत नाही, पद रिक्त राहते आणि पुढच्या वेळी तीच जाहिरात पुन्हा निघते. ही माहिती तालुक्याच्या दप्तरात असतेच. ती जाहिरातीआधी उघडून पाहायला कोणाची हरकत असावी, हे कळत नाही.

पूर्णवेळ नोकरी करणारा या पदावर चालत नाही. शेती किंवा गावातला छोटा धंदा चालतो. लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र आणि चारित्र्य पडताळणी ठरलेलीच आहे. लेखी परीक्षा 80 गुणांची आणि तोंडी 20 गुणांची असून लेखीत किमान 36 गुण मिळाल्याखेरीज तोंडीला बोलावत नाहीत. मानधन एप्रिल 2024 पासून दरमहा 15,000 रुपये झाल्याने स्पर्धा वाढली आहे.

वडील पाटील होते म्हणून पद आपलेच, असे गृहीत धरून अभ्यास टाळणारे अजूनही आहेत. वारसाला प्राधान्य मिळते ते केवळ दोन उमेदवारांचे गुण समान झाले तरच, आणि तेही वारस असल्याचा पुरावा मुदतीत दिला असेल तर.