शिक्षक परिणामकारकता व क्रमवारी (सातारा–सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात)

शिक्षक परिणामकारकता म्हणजे एखाद्या शिक्षकाच्या शिकवण्यामुळे मुलांच्या शिकण्यात पडलेली भर. ती मोजून शिक्षकांना श्रेणी देणे, त्यांना वर-खाली लावणे, त्यावर वेतनवाढ, बढती किंवा कारवाई ठरवणे याला शिक्षक क्रमवारी म्हणतात. मोजणी आणि क्रमवारी बहुतेक वेळा जोडीने येतात, म्हणून त्या एकच समजल्या जातात. पण मोजणी मुलांसाठी उपयोगी पडत असतानाही क्रमवारी चुकीची असू शकते. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील शाळांचा आकार आणि त्यांची परिस्थिती पाहिली की हे लगेच ध्यानात येते.

गावात ही क्रमवारी कागदाशिवाय कायमच चालू असते. बदलीच्या मोसमात पालकांचा पहिला प्रश्न असतो, “नवीन गुरुजी शिकवायला कसे आहेत?” तिसरीतले पोर एसटीची पाटी वाचते का, दुकानातून सुटे पैसे बरोबर मोजून आणते का, पाहुण्यांसमोर पाढे म्हणते का, यावरून पालक आपले मत बनवतात. बाई चांगल्या आहेत अशी वाच्यता झाली की शेजारच्या वस्तीवरची मुलेही त्या शाळेत येऊ लागतात आणि पट वाढतो. या मताला कुणी शास्त्रीय म्हणणार नाही. मात्र त्याचा एक मोठा गुण आहे : ते वर्षभर रोज पाहून बनलेले असते.

दुसरी, जास्त गाजावाजा होणारी कसोटी म्हणजे शिष्यवृत्ती परीक्षा. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची ही परीक्षा पूर्वी चौथी आणि सातवीला असे. २०१६-१७ पासून ती पाचवी आणि आठवीला होऊ लागली, आणि २०२५ मध्ये ती पुन्हा चौथी-सातवीला नेण्याचा निर्णय झाला. शिवाय दोन्ही जिल्ह्यांत जवाहर नवोदय विद्यालय आहे, आणि देशातील पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यातच सुरू झाली. त्यामुळे प्रवेश परीक्षांची ओढ इथे जुनी आहे. शाळा सुटल्यावर जादा तास, दिवाळीच्या सुट्टीत सराव, जानेवारीत रोज एक प्रश्नपत्रिका, आणि निकालानंतर चौकात गुणवत्ता यादीतील मुलांचा फ्लेक्स, त्यात खाली मार्गदर्शक म्हणून गुरुजींचा फोटो. अनेक शिक्षकांनी यासाठी पदरमोड केली आहे, स्वतःचे सण सोडले आहेत, आणि त्या कष्टांतून शेतमजुरांची मुले मोठ्या पदांवर पोचली आहेत. त्या कष्टांबद्दल आदरच आहे. पण या यादीतून वर्गातील वरच्या तीन-चार मुलांचे कळते. जे मूल पाचवीत येऊनही जोडाक्षर अडखळत वाचते, त्याच्यासाठी शिक्षकाने वर्षभर काय केले, हे फ्लेक्सवर कधीच येत नाही.

शिक्षकाला निकालाशी बांधण्याची कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये १८६२ पासून शाळेचे अनुदान मुलांच्या वाचन, लेखन व अंकगणिताच्या तपासणीवर ठरू लागले. मुंबई इलाख्यातही एकोणिसाव्या शतकात अनुदानित शाळांना निकालानुसार पैसे देण्याची पद्धत होती. दिपोटी (सरकारी शाळा तपासनीस) तपासणीला यायचे, मुलांना उभे करून विचारायचे, आणि त्यावर रक्कम ठरायची. परिणाम दोन्हीकडे सारखाच झाला : तपासणीत जे विचारतात तेवढेच शिकवायचे, आणि तेही पाठ करून घ्यायचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ही पद्धत मागे पडली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी दुसरी वाट धरली. १९१९ मध्ये काले येथे स्थापन झालेली रयत शिक्षण संस्था १९२४ मध्ये साताऱ्यात आली आणि १९३५ मध्ये तिने तिथे ग्रामीण शिक्षक घडवणारे प्रशिक्षण विद्यालय काढले. शाळा वाढवायच्या तर आधी शिक्षक तयार करायचा, हा त्यामागचा विचार.

आधुनिक काळातील सर्वांत चर्चिली गेलेली पद्धत अमेरिकेतील मूल्यवर्धित मापनाची. सांख्यिकीतज्ज्ञ विल्यम सँडर्स यांच्या कामातून ती टेनेसी राज्यात १९९० च्या दशकात रुजली. मुलाचे मागील वर्षांचे गुण पाहून या वर्षी त्याला किती पडावेत याचा अंदाज बांधायचा, प्रत्यक्ष गुण त्यापेक्षा जेवढे जास्त किंवा कमी तेवढी शिक्षकाची भर किंवा तूट धरायची. नुसत्या निकालाच्या टक्केवारीपेक्षा ही कल्पना न्याय्य आहे, कारण मूल कुठून निघाले हे ती पाहते. राज चेट्टी, जॉन फ्रीडमन आणि जोना रॉकॉफ यांनी पंचवीस लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून २०१४ मध्ये दाखवले की ज्या मुलांना अशी जास्त भर घालणारे शिक्षक लाभले, ती पुढे महाविद्यालयात जाण्याची आणि जास्त कमावण्याची शक्यता अधिक असते. म्हणजे चांगल्या शिक्षकाने फरक पडतो, यात शंका नाही.

अडचण येते ती एकेका शिक्षकाच्या नावापुढे आकडा लिहिताना. लॉस एंजेलिस टाइम्सने २०१० मध्ये सुमारे ६,००० शिक्षकांची अशी मापने नावांसह छापली. न्यूयॉर्क शहरातील सुमारे १८,००० शिक्षकांची २०१२ मध्ये जाहीर झाली. न्यूयॉर्कच्या आकड्यांत, शंभरातल्या स्थानाचा विचार केला तर, चुकीची मर्यादा गणितात सरासरी ३५ स्थानांची आणि इंग्रजीत ५३ स्थानांची होती. पन्नासावा म्हणून दाखवलेला शिक्षक प्रत्यक्षात जवळजवळ कुठेही असू शकत होता. अमेरिकन सांख्यिकी संघटनेने २०१४ मध्ये सांगितले की मुलांच्या गुणांमधील फरकापैकी शिक्षकामुळे पडणारा वाटा बहुतेक अभ्यासांत १ ते १४ टक्क्यांच्या दरम्यान आढळतो. ह्यूस्टनमधील शिक्षकांनी आपला आकडा कसा आला हे आपल्याला तपासताच येत नाही म्हणून न्यायालयात धाव घेतली, आणि २०१७ मध्ये फेडरल न्यायालयाने त्या हरकतीत तथ्य असल्याचे मानले. अटलांटात तर दबाव इतका वाढला की २०११ च्या चौकशीत ४४ शाळांतील १७८ शिक्षक व अधिकाऱ्यांवर उत्तरपत्रिकांतील फेरफाराचा ठपका आला. आकड्यावर जितके जास्त अवलंबून राहावे तितका तो आकडा बिघडतो, असे डोनाल्ड कॅम्बेल यांनी १९७० च्या दशकातच मांडले होते.

आता हेच गणित आपल्याकडच्या वर्गात करून पाहावे. समजा सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्याच्या एका द्विशिक्षकी शाळेत चौथीला ९ मुले आहेत आणि वर्षाअखेरच्या चाचणीत त्यांची सरासरी ५८ येणार आहे. त्यातली ८५ गुण मिळवणारी एक मुलगी वडिलांच्या कामामुळे डिसेंबरात मुंबईला गेली. उरलेल्या आठ जणांची सरासरी ५४.६ होते. शिकवण्यात काहीही बदल न होता गुरुजी सुमारे ३.४ गुणांनी खाली आले. तीच मुलगी कराडमधील तेवढ्याच सरासरीच्या ४० मुलांच्या वर्गातून गेली असती तर सरासरी जेमतेम ०.७ गुणाने घसरली असती. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला, विशेषतः महाबळेश्वर तालुक्यातील कांदाटी खोऱ्यात, जिथे कोयनेच्या जलाशयातून लाँचने जावे लागते, तिथले पट याहूनही लहान आहेत. तिथे सरासरी काढणे म्हणजे एकेका घराची हकिगत आकड्यात लिहिणे. शिवाय एकच शिक्षक दोन-तीन इयत्ता एका खोलीत शिकवतो, तेव्हा कोणत्या इयत्तेचे श्रेय कोणाला हेही सांगता येत नाही.

सांगलीत प्रश्न वेगळा. वाळवा–पलूसच्या बागायती पट्ट्यात आणि जतच्या पूर्व भागात शाळा एकाच जिल्हा परिषदेच्या, पुस्तके एकाच राज्याची, पण मुले वेगळ्या जगातली. जतच्या सीमाभागात घरी कन्नड बोलली जाते. तिथे जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत, आणि मराठी शाळेत आलेल्या कन्नडभाषक मुलाला पहिलीत आधी भाषा कमवावी लागते. खानापूर–आटपाडीकडची गलाई (सोने-चांदी गाळण्याच्या) व्यवसायातली कुटुंबे देशभर विखुरलेली. मुले मधूनच बापाकडे जातात, मधूनच आजीकडे परत येतात. साखर कारखाने सुरू झाले की दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या येतात, फडाशेजारी कोप्या (तात्पुरत्या झोपड्या) पडतात आणि त्यांतली मुले हंगामापुरती जवळच्या शाळेत बसवली जातात. ज्या शिक्षिकेने कोपीवर जाऊन अशा दहा मुलांना शाळेत आणले, तिच्या वर्गाची सरासरी त्या दिवसापासून खाली येते. या मुलांना न आणणाऱ्याची सरासरी शाबूत राहते. क्रमवारी लावली तर ती त्या शिक्षिकेला शिक्षा आणि मुले न आणणाऱ्याला बक्षीस देईल, आणि हा क्रमवारीचा सर्वांत मोठा दोष आहे.

महाराष्ट्रातील अधिकृत व्यवस्था अनेक थरांची आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचा दरवर्षी गोपनीय अहवाल लिहिला जातो. तो बहुधा ‘निश्चित चांगला’ किंवा त्याच्या आसपास स्थिरावतो आणि त्यातून शिक्षकाला आपल्या अध्यापनाबद्दल फारसे काही कळत नाही. केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी शाळाभेटी देतात. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ निर्णयानंतर पायाभूत आणि संकलित चाचण्या राज्यभर सुरू झाल्या. आता त्यांचे गुण ऑनलाइन भरावे लागतात. हे पेपर बहुतेक ठिकाणी वर्गशिक्षकच तपासतात. मूल कुठे अडले हे कळण्यासाठी हीच रीत उत्तम आहे, पण त्या गुणांवरून शिक्षकाचीच क्रमवारी लावायची ठरली तर प्रामाणिकपणे तपासणारा मागे पडेल. त्यात निवडणूक, बीएलओ म्हणून मतदार यादीचे काम, पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायस या शाळांच्या माहितीसाठ्यातली भरणी आणि ‘आजच दुपारपर्यंत माहिती पाठवा’ असे निरोप. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज अशैक्षणिक कामे देण्यास मनाई केली आहे. शिकवण्याचे किती तास खरोखर मिळाले, हे कोणत्याही श्रेणीत मोजले जात नाही.

शिक्षकाच्या वेतनाला निकालाची अट जोडण्याचा थेट प्रयत्न २३ ऑक्टोबर २०१७ च्या शासन निर्णयाने झाला. १२ आणि २४ वर्षांच्या सेवेनंतर मिळणाऱ्या वरिष्ठ व निवड वेतनश्रेणीसाठी शाळासिद्धी या शाळा-मूल्यमापनात शाळा ‘अ’ श्रेणीत असणे, आणि माध्यमिक शाळांत नववी-दहावीचा निकाल ८० टक्क्यांवर असणे, अशा अटी आल्या. शाळेच्या भिंती, संडास, पाणी यांचाही विचार करणाऱ्या श्रेणीवर एका शिक्षकाची वेतनश्रेणी अडवणे चूकच होते. संघटनांनी विरोध केला आणि पुढे या अटी मागे घेतल्या गेल्या. जिल्ह्यांसाठीही केंद्र सरकारचा ६०० गुणांचा श्रेणी निर्देशांक आहे. त्यातील गुण जिल्ह्याच्या कारभाराचे असतात, शिक्षकाचे नव्हेत. ग्रामीण मुलांचे वाचन-गणित तपासणारे ‘असर’ सर्वेक्षणही एका जिल्ह्यातील ३० गावांत प्रत्येकी २० घरे पाहते. त्यावरून जिल्ह्याचे चित्र कळते, एखाद्या गावच्या गुरुजींवर निकाल देता येत नाही.

प्रोत्साहन कधीच चालत नाही, असेही म्हणता येत नाही. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी २००५ पासून आंध्र प्रदेशातील ग्रामीण सरकारी शाळांत केलेल्या प्रयोगात, वर्गाच्या सरासरीत ५ टक्क्यांपुढे झालेल्या प्रत्येक टक्का वाढीला शिक्षकास ५०० रुपये मिळत. दोन वर्षांनी या शाळांतील मुले गणितात ०.२७ आणि भाषेत ०.१७ प्रमाण विचलनाने (गुणांच्या विखुरणीचे एकक) इतर शाळांतील मुलांच्या पुढे होती, आणि ज्या विषयांना बक्षीस नव्हते त्या विज्ञान व समाजशास्त्रातही त्यांची प्रगती दिसली. पण इथे चाचणी बाहेरच्या माणसांनी घेतली होती, बक्षीस सुधारणेला होते, आणि कुणाचे नाव कुणाच्या खाली छापले जात नव्हते.

आणि आपल्याकडे सातारा जिल्ह्यातच एक वेगळा अनुभव आहे. सातारा तालुक्यातील कुमठे बीटमधील (एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालील शाळांचा गट) जिल्हा परिषद शाळांत ज्ञानरचनावादी, म्हणजे मुलाने स्वतः करून शिकण्याच्या पद्धतीने काम झाले. जमिनीवर आखलेली अक्षरे-अंकांची वर्तुळे, खडे आणि काड्यांनी मांडलेले गट, फळ्याकडे पाठ करून आपापल्या कामात गढलेली मुले हे दृश्य पाहायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या येऊ लागल्या. तिथे मोजणी होती : कोणते मूल वाचते, कोणते नाही, हे प्रत्येक शिक्षकाला नावानिशी माहीत असायचे. अप्रगत मूल म्हणजे शिक्षकाचा गुन्हा, असे मात्र तिथे मानले जात नव्हते. शेजारच्या शाळेतला शिक्षक येऊन वर्ग पाहायचा, चुकले ते सांगायचा, आपल्या वर्गात नेऊन दाखवायचा. अमेरिकेत गेट्स फाउंडेशनच्या सुमारे ३,००० शिक्षकांवरील अभ्यासातही हेच निघाले की एकाच साहेबांनी पुन्हा पुन्हा पाहण्यापेक्षा वेगवेगळ्या व्यक्तींनी पाठ पाहिला तर मत जास्त भरवशाचे होते. केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत परिपत्रके वाचण्याऐवजी एक पाठ एकत्र पाहिला, तर यासाठी वेगळा खर्चही लागत नाही.

५ सप्टेंबरचे आदर्श शिक्षक पुरस्कार हाही क्रमवारीचाच एक प्रकार. त्यांचे प्रस्ताव शिक्षकाने स्वतः तयार करायचे असतात, त्यामुळे जाड फाइल बनवण्याचे कसब असलेला पुढे जातो आणि ज्याला वर्ग सोडून फाइल करायला सवड नाही तो राहून जातो.

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ज्यांची पाच वर्षांहून अधिक सेवा उरली आहे अशा सेवेतील शिक्षकांना शिक्षक पात्रता परीक्षा दोन वर्षांत उत्तीर्ण होणे बंधनकारक केले. वीस-पंचवीस वर्षे शिकवलेले शिक्षक आता रात्री पुस्तके उघडून बसू लागले आहेत. ही परीक्षा शिक्षकाला विषय किती येतो हे तपासते. त्याच्या वर्गातील मुलाला तो किती आला, हे पाहण्यासाठी अजूनही वर्गातच जाऊन बसावे लागते.