नेत्रभिंगातील जन्मजात डाग

जन्मापासून नेत्रभिंगात असलेले ठिपके, रेषा आणि गढूळ भाग. यांतले बरेचसे निरुपद्रवी असतात, थोडे मात्र नजर घालवतात. बोलण्यात सगळ्यांनाच ‘मोतीबिंदू’ म्हणतात, कधी ‘फूल’ही. फूल मात्र भिंगात नसते. ते डोळ्याच्या पुढच्या काचेवर, म्हणजे पारपटलावर पडते.

भिंग कांद्यासारखे थराथराने वाढते. नवे तंतू बाहेरून चढतात, जुने आत दाबले जातात आणि कोणताच थर झडत नाही. त्यामुळे डाग किती खोल आहे यावरून तो साधारण कधी पडला ते कळते. गर्भात काही काळच बिघाड झाला, तर तेवढाच थर गढूळ होतो आणि त्याच्या आतबाहेर भिंग स्वच्छ राहते. हा स्तरीय मोतीबिंदू. गर्भारपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत आईला रुबेला (जर्मन गोवर) झाला, तर गाभाच पांढरा होऊ शकतो. हा संबंध १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी दाखवला. आनुवंशिकता आणि गॅलॅक्टोसेमियासारखे चयापचयाचे विकार ही इतर कारणे. अनेकदा कारण सापडतच नाही.

काही खुणा तर रोगच नव्हेत. तंतूंची टोके जुळतात तिथे वाय अक्षरासारखी शिवण दिसते, मागच्या बाजूला ती उलटी असते. गर्भात भिंगाला रक्त पुरवणारी धमनी जन्माआधी विरते; तिचा उरलेला टिपका म्हणजे मिटेनडॉर्फ ठिपका. तो भिंगाच्या मागच्या पृष्ठावर, मध्यापासून किंचित नाकाकडे असतो. पुढच्या पृष्ठावर कधी तपकिरी चांदण्यांसारखे कण दिसतात. निळसर ठिपक्यांची गणना मोतीबिंदूत होते खरी, पण त्यांनी नजर सहसा बिघडत नाही.

धोका ठरतो तो डागाच्या जागेवर आणि दाटपणावर. बाहुलीसमोरचा, ३ मिलिमीटरहून मोठा दाट डाग प्रकाश अडवतो आणि मेंदू त्या डोळ्याने पाहायला शिकत नाही. डोळा ‘आळशी’ होतो. ‘मोतीबिंदू पिकू द्या’ हा आजोबांना दिला जाणारा सल्ला त्यांच्या बाबतीतही आता जुना झाला आहे; तान्ह्या बाळाला तो घातकच. एकाच डोळ्यात दाट डाग असेल तर साधारण सहा आठवड्यांच्या आत, दोन्ही डोळ्यांत असेल तर आठ-दहा आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी असे मानतात.

मुंबईत इथेच घोळ होतो. पहिल्या बाळंतपणाला मुलगी कोकणात किंवा घाटावर माहेरी जाते आणि बाळ तीन महिन्यांचे झाल्यावर चाळीत परतते. तोवर मोलाचे आठवडे निघून गेलेले असतात. २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात मोतीबिंदूची तपासणी आहे. शिवाय प्रसूतिगृहातून घरी सोडण्यापूर्वी डोळ्यात प्रकाश टाकून बाहुलीतली लाल चमक पाहणे हे मिनिटाभराचे काम आहे. मोबाइलच्या फ्लॅशमध्ये एकच बाहुली पांढरी दिसली, तर वाट न पाहता नेत्रतज्ज्ञाकडे जावे. हे डोळ्यातल्या कर्करोगाचेही लक्षण असू शकते.

शस्त्रक्रियेत गढूळ भिंग काढल्यानंतर चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स लागते. अगदी लहान बाळात कृत्रिम भिंग बसवणे बरेच डॉक्टर टाळतात. एकाच डोळ्याचा आजार असेल तर चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी बांधावी लागते, तीही अनेक वर्षे. बाळ ती ओढून काढते, आई पुन्हा चिकटवते.