पूर्वग्रह (संवादातला अडथळा)

संवादात अडथळा म्हटलं की लोकांना गोंगाट, नेटवर्क, भाषा हेच आठवतं, पण समोरच्याने तोंड उघडायच्या आधीच मनात अढी बसलेली असेल तर शब्द न् शब्द ऐकू येऊनही मुद्दा पोचत नाही. अढी कशावरूनही बसते, जात, वय, डिग्री, बोलण्यातला हेल. मीटिंगमध्ये ज्युनिअर बोलला की सगळे मोबाईलमध्ये, आणि तेच जरा वेळाने साहेब बोलले की माना डोलायला लागतात, हे कुठल्याही ऑफिसात दिसेल.

हॅरॉल्ड केली या मानसशास्त्रज्ञाचा १९५० चा प्रयोग यातला फेमस. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात मुलांना नवीन पाहुण्या लेक्चररची थोडक्यात माहिती वाटली, मजकूर सगळा सेम, फक्त काहींच्या कागदावर हा माणूस मनमिळाऊ आणि काहींच्या कागदावर कोरडा असं लिहिलेलं. वर्ग एकच, लेक्चरही एकच, तरी ‘मनमिळाऊ’ वाचलेल्यांपैकी ५६ टक्के चर्चेत बोलले आणि ‘कोरडा’वाल्यांपैकी ३२ टक्केच.

अढी जिवावर कशी बेतते त्याचं उदाहरण व्हिएन्नाचं. तिथल्या जनरल हॉस्पिटलात डॉक्टरांच्या वॉर्डात बाळंतिणी तापाने दगावायच्या, सुइणींच्या वॉर्डात त्या मानाने बऱ्याच कमी, हे बायकांनाही माहीत होतं आणि त्या सुइणींच्याच वॉर्डात घ्या म्हणून हातापाया पडायच्या. सेमेलवाइस या हंगेरियन असिस्टंट डॉक्टरने १८४७ मध्ये ताडलं की डॉक्टर शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणी तपासायला येतात, मग त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं आणि मृत्यूंचं प्रमाण सुमारे १८ टक्क्यांवरून दोन-तीन महिन्यांत २ टक्क्यांच्या आसपास आलं. एवढे आकडे समोर असूनही बऱ्याच बड्या डॉक्टरांना ते पटले नाहीत. रोग दूषित हवेने होतो ही समजूत पक्की होती हे एक, पण आपल्याच हातांनी पेशंट मेले हे मान्य कोण करणार!

अर्थात सेमेलवाइसचा स्वभावही आडवा आलाच. पुस्तक काढलं ते थेट १८६१ मध्ये, आणि वर विरोधकांना जाहीर पत्रं लिहून खुनी म्हणायला लागला, मग जे थोडेफार ऐकायच्या मनःस्थितीत होते तेही तुटले असणार. १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात तो वारला. रोग जंतूंमुळे होतात हे दाखवणारा पाश्चर आणि ऑपरेशनमध्ये जंतुनाशक वापरणारा सर्जन लिस्टर यांचं काम पुढे आल्यावरच त्याचं म्हणणं गळी उतरलं.