सीट आणि व्हेन्यू: लवाद कुठे बसतो आणि कोणत्या न्यायालयाच्या कक्षेत येतो

करारनाम्याच्या शेवटच्या पानावर, सह्यांच्या वर, बहुधा एकच ओळ असते: 'वाद उद्भवल्यास लवाद इंदूर येथे होईल.' भाव, मुदत आणि हमी यांवर तासन्‌तास घासाघीस करणारे आपल्याकडचे व्यापारी ही ओळ वाचतही नाहीत. पण न्यायालयाची पायरी चढायची वेळ आली की सारे तिच्यावरच अडते.

सीट म्हणजे लवादाचे कायदेशीर ठिकाण. तिथलेच न्यायालय लवादाला मदत करते आणि त्याच्यावर देखरेखही ठेवते. व्हेन्यू म्हणजे सोयीसाठी निवडलेली, प्रत्यक्ष बैठकीची जागा. घोळाचे मूळ कायद्यातच आहे. १९९६ च्या लवाद व सलोखा कायद्याचे कलम २० दोन्हींसाठी 'स्थान' हा एकच शब्द वापरते. पहिल्या दोन पोटकलमांत त्याचा अर्थ सीट होतो, तर तिसऱ्यात साक्षी घेण्याची किंवा माल पाहण्याची जागा. विधी आयोगाने २०१४ मध्ये, २४६ व्या अहवालात, दोन वेगळे शब्द सुचवले होते. २०१५ च्या दुरुस्तीत ते आले नाहीत, आणि ही उणीव मला आजही खटकते.

समजा, इंदूरच्या एका उद्योजकाने मुंबईच्या कंपनीला यंत्रे पुरवली. करारात सीट मुंबई आहे. पण सुनावण्या इंदुरातल्या हॉटेलच्या सभागृहात झाल्या आणि बिघडलेले यंत्र पाहायला लवाद पीथमपूरच्या, म्हणजे धार जिल्ह्यातल्या, शेडमध्ये जाऊन आले. निवाडा विरुद्ध गेला, तर उद्योजकाला साहजिकच वाटते की सगळे काही इथेच घडले, तेव्हा अर्जही इथेच करावा. तसे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये इंडस मोबाइल प्रकरणात सांगितले, की सीट ठरली की तिथल्याच न्यायालयाला अधिकार राहतो, मग वादाचे कारण तिथे घडलेले नसले तरी चालते. म्हणून कलम ९ खालचे अंतरिम संरक्षण असो, कलम २९-अ खालची, निवाडा देण्यासाठीची मुदतवाढ असो, की कलम ३४ खाली निवाडा रद्द करण्याचा अर्ज असो, मुंबईच गाठावी लागते. कलम ३४ ची मुदत तीन महिन्यांची आहे. सबळ कारण दाखवल्यास आणखी तीस दिवस मिळतात, त्यापुढे एकही नाही. चुकीच्या न्यायालयात गेलेला काळ वगळून मागता येतो खरा, पण तिथला पाठपुरावा सद्‌भावाने आणि तत्परतेने केला होता, हे अर्जदारालाच सिद्ध करावे लागते.

मग 'लवाद इंदूर येथे होईल' या मोघम ओळीचे काय? बीजीएस-सोमा प्रकरणात, २०१९ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की करारात लवादासाठी एकच ठिकाण दिले असेल आणि विरुद्ध काही सूचित होत नसेल, तर तेच ठिकाण सीट मानावे, त्याला व्हेन्यू म्हटले असले तरीही. म्हणजे पीथमपूरला कितीही बैठका झाल्या तरी धारच्या न्यायालयाला अधिकार येत नाही; प्रकरण इंदूरच्या वाणिज्यिक न्यायालयात आणि अपील मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापुढे जाईल.

निवाड्याच्या अंमलबजावणीला मात्र हे बंधन नाही. सुंदरम फायनान्स प्रकरणातल्या २०१८ च्या निर्णयानुसार, देणेकऱ्याची मालमत्ता जिथे असेल तिथल्या न्यायालयात थेट दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करता येते. सीट मुंबई असली आणि देणेकऱ्याचे गोदाम इंदूरच्या सांवेर रोडवर असले, तर वसुलीसाठी इंदूरचे न्यायालय पुरते.